मिल्काच्या घरी मेणबत्ती नव्हती

जऊळका, टेशनाजवळ
ता. ९ डिसेंबर १९५६, रविवार

मिल्काबाईस गोजराबाईचा राम राम. घ्याचा असन तं घे, नसन घ्याचा तं पडू दे तिकडच्या रेतीत.

पाच वर्सं झाले तुले जाऊन. पाच वर्सांत तुयं एक अक्षर नाही. अन् मले अक्षर शिकवलं कोनं? तूच. तुया ओट्यावर, मायी बोटं धरून, 'ग' गिरवून घेतला अन् म्हणली, "गोजरा, आता तुला कोणी फसवणार नाही." तुमचं ते कोकणातलं गोड बोलणं. तीस वर्सं जऊळक्यात राहून तुले एक 'मले-तुले' नाही आलं. पण असो. कोणी फसवलं नाही मले, एक तू सोडून. जातानी गाडीच्या खिडकीतून बी पाह्यलं नाही तू. मी मालधक्क्याच्या मांगं उभी होती. तुले मालूम नसन, मी उभी होती.

आता तुया लेकाचं, शलोमचं पत्र आलं. माया नावानं. "गोजरामावशीस" म्हून. माया जगदेवनं पत्ता वाचला तं त्याले वाटलं सरकारी कागद हाय, काही तरी सारा भराचा राह्यला. मी म्हणलं, आण इकडे, शलोमचं अक्षर मले समजते.

मिल्के, शलोमच्या लेयाचं लग्न ठरलं! अन् हे मले पोरगा सांगून राह्यला, तू नाही! लेया माया घरच्या दुधाची पोट्टी हाय, हे तू विसरली काय? तिची माय बाळंतपणात गेली तवा सोजरच्या एका अंगाले जगदेवचा लेक होता अन् दुसऱ्या अंगाले लेया. मायी सून आहे ना ते, आजबी भांडतानी म्हणते, "मी दोन जाती पोसल्या, मले शिकवू नका." तं लेया मायी नातच. मी गूळ वाटत टेशनापर्यंत गेली. टेशनमास्तर म्हणे, आजी, काय हाय? मी म्हणलं, नातीचं लग्न. तो म्हणे, तुमची नात तं अजून झबल्यात हाय. मी म्हणलं, ते लायनी. हे मोठी, समुद्रापलीकडची. असा गूळ खाल्ला त्यानं तोंड वाकडं करून, पण खाल्ला.

मंग घरी येऊन खालचं वाचलं, अन् उरलेला गूळ तसाच डब्यात टाकला मिल्के.

शलोम लिवते, की तिकडच्या धर्माच्या कचेरीत लग्न लावून द्याले तयार नाहीत. म्हणे तुमी हिंदुस्थानातून आले, तुमी खरे यहुदी कायवरून? म्हणे तुमच्या गावातला कोणी, जो तुमच्या नात्याचा नाही, त्याच्याकडून लिवून आणा. चार सवाल पाठवले.

मले असा राग आला! कोण हायत हे लोक? शिरपूरचे जैन सूर्य बुडाल्यावर घास घेत नाहीत, त्यांले कोणी इचारते काय, की तुमी खरे कायवरून? मंगरूळपीरच्या दर्ग्यात दिवा लावाले जाणाऱ्याले कोणी दारावर थांबवून बाप-आजा इचारते काय? अन् माया मिल्काले इचारता? जिच्या घरातून शनिवारी धूर निंगलेला या गावानं पाह्यला नाही? थंडीत बी नाही. शुक्रवारची भाकर शनिवारी खाल्ली, पण चूल पेटवली नाही. तुयं घर म्हणजे आमाले पंचांग होतं. टेशनावरच्या हमालाले वार नाही आठवला, तं तो तुया धुराड्याकडे पाहे.

जातानी तुमी म्हणले ना, आपल्या देशात जातो? हे काय आपले लोक?

शाळेतल्या रामधन मास्तरले बसवला. त्याचं अक्षर मोत्यासारखं हाय म्हून. मी सांगत गेली, तो लिवत गेला. पहिल्या दोन सवालांले काही नाही, भराभर सांगतलं. तिसरा सवाल असा होता: "शुक्रवारी संध्याकाळी ही बाई मेणबत्त्या लावत होती काय?"

मी उठून उभीच राह्यली. मी म्हणलं, मास्तर, हे कोण हायत हे असं इचारणारे? मिल्काच्या घरी मेणबत्ती? तुले आठवते ना, तुया घरधन्यानं, एलोजी मिस्त्रीनं एक खेप अकोल्याहून मेणबत्तीचा पुडा आणला होता, बरसातीत कामाले येईन म्हून. तू तो नाकाले लावला अन् अंगणाच्या भाईर फेकला. "चरबी आहे यात, गोजरा. कोणत्या जनावराची कोण जाणे." तवापासून तुया उंबऱ्याच्या आत मेणबत्ती नाही आली. अन् हे तिकडे बसून तुयावर आळ घेऊन राह्यले की तू ते बाटकं लावत होती!

मास्तर म्हणे, बाई, थोडं खुलासेवार लिवू. मी म्हणलं, काही खुलासा नाही. तुया वाती अन् तुयं तेल मी परक्याले कायले सांगू? एकच लिवा: "कधीच नाही. एकही मेणबत्ती नाही. शपथेवर." मास्तरनं लिवलं. मी अंगठा नाही लावला, सही केली. पाटलाचा शिक्का मारून टपालात टाकलं.

आता बसा म्हणा. अशी चपराक बसली असन त्यांले की पुन्हा इचारणार नाहीत.

लेयाले माया मुका. तुले काही नाही.

गोजरा


जऊळका
ता. २७ जानेवारी १९५७, रविवार

मिल्के,

राम राम लिवाचं बी भान नाही मले.

लेयाचं पत्र आलं. पोट्टीनं रडत लिवलं, शाई पसरली हाय तिथी तिथी. "आजी, तुम्ही हे काय लिहिलंत? इकडे शुक्रवारी मेणबत्तीच लावतात. घराघरांत. तीच तर खूण. त्यांनी तुमचा कागद पुढे टाकला आणि म्हणाले, तुमची शेजारीणच शपथेवर सांगते, एकही मेणबत्ती नाही. मग कसले यहुदी?"

लग्न थांबलं. माया हातानं थांबलं.

मी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली अन् मंग मले राग आला. पहिले मायाच आला. मंग मास्तरचा, की त्यानं माया तोंडावर का नाही म्हणलं, "बाई, चूप बसा, मी लिवतो ते लिवू द्या." मंग त्या कचेरीवाल्यांचा, की ज्यांले मेणबत्तीपुढे दुसरं काही दिसत नाही. अन् आखरीले तुया, मिल्के. सगळ्यात जास्त तुया. तू तिथी त्यांच्यापुढे बसली होती ना? तुले तोंड नव्हतं काय? म्हणाचं, मी तेलाचा दिवा लावत होती! तुले कोणी बोलू देलं नाही, की तू बोललीच नाही? तुयी सवय मले मालूम हाय. कोणी अपमान केला की तू ओठ बंद करून बसते, जसा काही समोरचाच बाटला.

मास्तर म्हणे दुसरा कागद करू. पण तो स्वतःच म्हणे, पहिले एक शपथ, मंग दुसरी शपथ, कोण मानणार? मी म्हणलं, राहू दे. मी कागद करत नाही. मी मिल्काले पत्र लिवते. हे पत्र तुयासाठी हाय, कोणाले दाखवू नको. मले तुयाशी भांडाचं हाय.

कापूस कोणाचा होता, सांग? माया वावरातला. दर दसऱ्याले पहिल्या वेचणीचा कापूस मी तुया घरी आणून देई. सरकी मी काढे, तू पिंजे, दोघी मिळून वाती वळू. तुया वाती सरळ, माया वाती वेंगळ्या. तू म्हणे, "वळ, वळ, देवाला सगळं चालतं." तेल तिळाचं. खोबरेल कोकणातलं, इथी मिळे नाही, म्हून तू रडली होती पहिल्या वर्सी. मंग ज्वारीच्या धांड्याचा गाभा सोलून त्याचे दोन तुकडे करे, त्यात वाती खोसे. काचेच्या प्याल्यात आधी पाणी, वर तेल, तेलावर ते दोन गाभे तरंगत. मिस्त्रीनं साखळी केली होती, लायनीच्या तारेची. तुळईले टांगलेला दिवा. वारा आला की पाणी हाले अन् भितीवर असं काही नाचे की लेया पाळण्यातून हात मारे त्याले धराले.

मी इचारलं होतं, दोनच काहून? आमच्यात एक असते, नाही तं पाच असतात. तं तू गाणं म्हणून दाखवलं. तुया आजीचं, मराठीतलंच. मले आजबी येते. घरात सोजर नसली की म्हणते मी:

एक वात आठवणीची, एक वात राखणीची,
एका प्याल्यात जळती, दोघी बहिणी बहिणी.
सूर्याच्या आधी ये गं, राणी शनिवाराची,
तुला नाही विझवायची, तुला नाही पेटवायची.

तू म्हणे, देवानं सांगतलं हा दिवस आठवा, अन् देवानंच सांगतलं हा दिवस राखा. म्हून दोन. मी म्हणलं, आठवणं अन् राखणं एकच नाही काय? तू म्हणली, "नाही गं. आठवायला बसून राहिलं तरी होतं. राखायला काहीतरी सोडावं लागतं."

मंग दिवा लावून तू डोयावर हात ठेवे. मले पहिले वाटलं डोये दुखतात.

आता मुद्द्याचं. तुले मालूम हाय मी कशावर येणार हाय.

एकुणपन्नास साल, पौषातला शुक्रवार. लायनीवर कामात मिस्त्रींच्या छातीत कळ आली, लोकांनी ट्रॉलीवर घालून आणले, ओट्यावर उतरवले तवा गेलेच होते. चार वाजले होते. तुया घरी सगळा गाव. तू त्यांच्या उशाशी बसली, लेया तुया मांडीशी. बारा वर्साची होती. अन् पौषातला दिवस केवढा असते? सूर्य गेला. त्या दिवशी दिवा लावाचा राह्यला. लोक एकेक करून घरी गेले, जनावरं बांधाची होती. मी बी गेली, ढोराले पेंडी टाकली अन् वापस आली. पाहते तं तुयं घर अंधारात. मेलेला माणूस घरात अन् उशाशी दिवा नाही! आमच्यात असं होत नाही, मिल्के. कितीबी गरीब असला तरी पणती मिळते त्याले.

मी काडेपेटी काढली. काडी वढली. अन् तू मायं मनगट धरलं. काडी खाली पडली, विझली.

"आता नको, गोजरा. सूर्य गेला."

मी म्हणलं, तुले नाही चालत, मले चालते. मी लावते.

"तू माझ्यासाठी लावशील, तर ते मीच लावल्यासारखं."

मी म्हणलं, तुयासाठी नाही, त्यांच्यासाठी लावते! त्या माणसानं तीस वर्सं तुले तेल आणून देलं, साखळी करून देली, अन् आज त्याच्या तोंडावर उजेड नाही?

तू मनगट सोडलं नाही. तुया हात असा थंडा होता. अन् मंग मी म्हणलं, ते म्हणलं. मी म्हणलं, "तू बायको नाही, तू दगड हाय." लेयानं ऐकलं. मी निंगून गेली.

शनिवार दिवसभर शलोम अकोल्याले बसून राह्यला, बाप मेला असून गाडीत पाय नाही ठेवला, तारे निंगाल्यावरच्या गाडीनं आला. तवा तू दिवा लावला. रविवारी पुरलं. मी सगळ्यांत मांगं होती.

त्यानंतर दोन वर्सं तू इथी होती. दोन वर्सं आपण विहिरीवर भेटलो तरी रस्सी कोणाची पहिले, एवढंच बोललो. अन् जायच्या दिवशी तू लेयाच्या हातानं तो दिवा पाठवला, साखळी गुंडाळून. "आजीनं दिलाय." काहून देला? मले टोचाले? घे, तुले मोठी हौस होती लावाची, लाव आता. असंच ना? मी तो धान्याच्या कणगीवर ठेवला, फडक्यात. हात लावला नाही. पाच वर्सं झाले.

आता सांग त्यांले, तुया त्या मेणबत्तीवाल्यांले, की अशी बाई यहुदी नसन तं मंग कोण असते? जिनं नवरा अंधारात ठेवला पण सूर्य गेल्यावर काडी वढू देली नाही? मी तीस वर्सं तुया शेजारी राह्यली, आठ वर्सं झाले तुयावर रागावली, अन् हेच मले समजत नाही की तू तुया धर्म एवढा राखला म्हून मी रागावली, अन् तुया धर्मावरच ते शक घेऊन राह्यले. असं कसं व्हते?

पण हे कोणाले सांगू नको. मी दगड म्हणलं ते तं अजिबात नको. पोट्टीले सांग, आजीचा कागद चुकला, आजी नाही चुकली.

गोजरा


जऊळका
ता. २४ मार्च १९५७, रविवार

मिल्काबाईस गोजराचा राम राम, अन् शिव्या.

मी काय लिवलं होतं? कोणाले दाखवू नको! मोठ्या अक्षरानं लिवलं होतं! अन् तू काय केलं? पोट्टीच्या हातात देलं, अन् पोट्टीनं कचेरीत नेऊन, त्यांच्या बोलीत करून, भर लोकांत वाचलं! मायी इज्जत गेली मिल्के, समुद्रापलीकडे गेली. मी त्या लोकांले मेणबत्तीवाले म्हणलं ते बी वाचलं काय? वाचलं असन. त्या लेयाले कुठी थांबाचं हे लहानपणापासून समजत नाही.

तुयं पत्र आलं. पाच वर्सांनी तुयं अक्षर. मी पहिले ते वाचलंच नाही, नुसतं पाह्यलं. 'ग' तसाच काढते तू. मंग चूल सारली, दळण दळलं, अन् दाराआड बसून वाचलं.

कचेरीतल्या त्या म्हाताऱ्या पंडितानं काय म्हणलं ते तू लिवलं, मी चार खेपा वाचलं. की शपथेवरचा कागद त्यानं बाजूले सारला. म्हणे साक्ष द्याले बसलेली परकी बाई काय सांगन, त्याचा आमच्या शास्त्रात भरोसा नाही. पण जी बाई साक्ष देतच नाही, जी फक्त आपल्या मैत्रिणीशी भांडून राह्यली अन् भांडता भांडता जे तोंडातून निंगालं, ते आमच्या शास्त्रात मानतात. अन् म्हणे, तेलाचा दिवा मेणबत्तीहून जुना हाय. अन् मंग म्हणे त्यानं लेयाले इचारलं, "ती काडी पडली तेव्हा तू तिथे होतीस?" अन् लेया म्हणली, होती. अन् तो चश्मा काढून बसला.

सही देली त्यानं. देली ना? तू लिवलं देली. मले पुन्हा एकदा लिव. म्हणजे मी पुन्हा एकदा वाचीन.

पण मले त्याचा बी राग येते. आधीच कायले नाही समजलं? मी भांडली नसती तं? मी चांगली बाई असती, गोड गोड लिवलं असतं, तं पोट्टी जन्मभर तशीच राह्यली असती! अन् हा कोण, की एकाचं लग्न होऊ देणार, दुसऱ्याचं थांबवणार? त्याले सांग, तिकडे आपले अजून लोक असतीन, सगळ्यांच्या शेजारणी भांडकुदळ नसतात.

असो. दोन महिन्यांनी लग्न. मधल्या दिवसांत तुमच्यात लग्न नसते, हे मले आठवते. होळी झाली इकडे, तुमचा बी होळीचा सण त्याच दिवसांत आला असन. मी यंदा पुरणपोळी तुया नावाची एक वेगळी केली अन् स्वतःच खाल्ली. गूळ पुन्हा वाटला. टेशनमास्तर म्हणे, आजी, तेच लग्न की दुसरं? मी म्हणलं, तेच, पण आता पक्कं. गूळ महाग झाला तरी वाटला.

आता एक सांगते. रागाचं नाही.

तुयं पत्र गुरुवारी आलं. शुक्रवारी मी कणगीवरून फडकं काढलं. साखळीले गंज आला होता, राखेनं घासली. पाणी टाकलं, वर तिळाचं तेल. धांड्याचा गाभा सोलला. वाती वळल्या, तशाच वेंगळ्या. सोजर म्हणे, आज कोणता सण? मी म्हणलं, चूप. पश्चिमेकडे पाहत बसली, सूर्य बोरीच्या शेंड्याले टेकला तवा लावल्या. मले तुमचं काही म्हणता येत नाही. गाणं म्हणलं. डोयावर हात ठेवला, मले काही दिसलं नाही, पण हात गरम झाला.

अन् मंग चैताच्या आधीचं ते वारं आलं, वावराकडून, धुळीचं. सूर्य गेला होता. दोन्ही वाती गेल्या. मायी सवय, हात काडेपेटीवर गेला. मंग राह्यला.

तेवढ्यात सोजर कंदील घेऊन आली. "अंधारात काय बसले? लावते मी." तिनं काडी काढली अन् मी तिचं मनगट धरलं. ते म्हणे, सासूबाई, बह्याड झाले काय? मी म्हणलं, जाय, सैपाकघरात लाव. इथी आज नको, सूर्य गेला.

ते गेली बडबडत. मी बसली. पहिले काहीच दिसलं नाही. मंग कणगी दिसली, मंग साखळी. मिल्के, अंधारात माणसाचं तोंड दिसत नाही, पण तो बाजूले हाय हे समजते. त्या दिवशी मी तुया घरातून निंगून गेली. नुसतं दिवा नाही, दिवा नाही करत. मी खाली बसाले पाहिजे होतं. तुया बाजूले, लेयाच्या त्या अंगाले. बस एवढंच कराचं होतं, काडी वढाची गरजच नव्हती.

मी तुले दगड म्हणलं. ते वापस घेते. लेयानं ते बी भर कचेरीत वाचलं असन, तं हे बी वाचून दाखव म्हणा त्यांले.

या खेपेले विमानाचं निळं पत्र नाही घेतलं, पाकीट घेतलं. आत कापूस हाय, यंदाच्या वेचणीचा, अन् दोन वाती वळलेल्या. लेयाले सांग, लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी ह्या लावाच्या. तिच्या सासूनं मेणबत्ती देली तं घे म्हणा, नाही म्हणू नको, भांडण नको. पण आधी नाकाले लावून पाह्य.

तुयी
गोजरा